नाताळ हा फक्त वाढदिवस नाही

नाताळ म्हणजे काय, असं कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: येशू ख्रिस्ताचा वाढदिवस. नाताळ हा शब्द पोर्तुगीजमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'जन्म' याच अर्थाचा लॅटिन शब्द आहे, तेव्हा हे उत्तर चूक म्हणता येत नाही. पण त्यावर थांबलं की सणातलं निम्मंअधिक हातातून निसटतं.

आधी एक साधी गोष्ट बघू. बायबलच्या नव्या करारात येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं मार्कचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात येशूच्या जन्माबद्दल एक अक्षरही नाही. तो पहिल्यांदा भेटतो तोच मोठा झालेला, यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला आलेला. सुरुवातीचा धर्मप्रचारक पौल याची पत्रं त्याहूनही जुनी. त्यांत 'स्त्रीपासून जन्मलेला' असा ओझरता उल्लेख येतो, बेथलेहेम या जन्मगावाचं नावही येत नाही. जन्मकथा सांगतात फक्त मत्तय आणि लूक, आणि तारीख दोघंही देत नाहीत. 25 डिसेंबरची सगळ्यात जुनी पक्की नोंद रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते. त्यातली ती यादी 336च्या सुमारास तयार झाली असावी, असं मानतात. तोवर ख्रिस्ती लोकांचा मोठा सण होता तो ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा. धर्माच्या दृष्टीनं आजही तोच मोठा आहे.

मग जन्माचा सण आलाच कशासाठी? कारण त्या काळात प्रश्न 'तो कधी जन्मला' हा नव्हताच. प्रश्न होता 'जन्मला तो कोण'. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणू लागला की पुत्र, म्हणजे येशू, कितीही थोर असला तरी तो देवानं निर्माण केलेला आहे, प्रत्यक्ष देव नाही. यावर इतका गदारोळ झाला की 325 साली निकाया इथं बिशपांची परिषद भरली आणि तिनं ठरवलं: पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत. पुढं 451च्या खाल्केदोन परिषदेनं दुसरी बाजूही पक्की केली. येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी, सरमिसळ नाही आणि फाटाफूटही नाही. ज्या शतकात हा वाद पेटला त्याच शतकात नाताळ सगळीकडे पसरला, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

या शिकवणीला मराठी ख्रिस्ती लोक 'देहधारण' म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात ती तीन शब्दांत आहे: 'शब्द देही झाला'. शब्द म्हणजे तोच पुत्र. पुढं योहान म्हणतो, त्यानं आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे तंबू ठोकणं, आपल्या मराठीत सांगायचं तर आमच्यात येऊन पाल टाकणं. मोशेच्या काळात रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांबरोबर देवाचा निवासमंडप असे, त्याची ही आठवण आहे.

मराठी वाचकाच्या मनात इथं 'अवतार' हा शब्द येतो, आणि यावा. तो जवळचा आहे, पण तोच नाही. अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि काम झालं की संपतात. ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच झालं, आणि ते परत उतरवून ठेवायचं वस्त्र नाही. पुनरुत्थानानंतरही येशू माणूसच राहतो, हातांवरच्या खिळ्यांच्या खुणांसकट. शिवाय हा देह लीलेपुरता घेतलेला नाही. या बाळाला खरोखर भूक लागते, ते खरोखर रडतं आणि पुढं खरोखर मरतं. सुरुवातीच्या शतकांत काही जण म्हणत की देव असा हाडामांसात अडकेल कसा, देह नुसता भासमान असणार. ख्रिस्तसभेनं, म्हणजे चर्चनं, ते मत साफ नाकारलं. कारण सरळ आहे: देह भास असेल तर जन्मही भास आणि क्रूसावरचं मरणही भास. मग सगळा डोलाराच कोसळतो.

एवढं डोक्यात ठेवलं की या सणाच्या हंगामाची रचना उलगडायला लागते. कारण नाताळ एक दिवस नाही. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो आणि त्याची शेवटची सावली 2 फेब्रुवारीपर्यंत पोहोचते.

सुरुवात होते ती आगमनकाळापासून. 30 नोव्हेंबरला सगळ्यात जवळ येणारा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चचं धार्मिक वर्षही त्याच दिवशी सुरू होतं. नाताळच्या आधी असे चार रविवार येतात. हा आनंदाचा काळ नाही, वाट बघण्याचा आहे. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात. हाच रंग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातही असतो, म्हणजे पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी वस्त्रं चालतात, कारण अर्धी वाट सरली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर नाताळपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासच असतो.

वाट कशाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचतात तो उतारा बाळाचा नसतोच. तो असतो जगाच्या शेवटाचा: जागे राहा, घरधनी कधी येईल ते तुम्हांला ठाऊक नाही. आगमन इथं दोन अर्थांनी येतं. एक होऊन गेलेलं, बेथलेहेममधलं. दुसरं व्हायचं, काळाच्या अंती. बाराव्या शतकातल्या क्लेअरव्हॉच्या बर्नार्ड या मठाधिपतीनं त्यात तिसरंही घातलं: या दोन्हींच्या मधे रोज माणसाच्या अंतःकरणात होणारं, कुणाला न दिसणारं. बाळाकडे उपासनेचा मोर्चा वळतो तो 17 डिसेंबरनंतर.

त्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एक याप्रमाणं सात जुनी आळवणीची पदं म्हणतात. प्रत्येक पद मशीहाला, म्हणजे ज्याची वाट बघितली जात होती त्या तारणाऱ्याला, जुन्या करारातल्या एकेका नावानं हाक मारतं: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायाच्या अंकुरा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयप्रभे, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. आणि प्रत्येकाचा शेवट एकच: ये. गंमत म्हणजे या सात लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून वाचली तर 'एरो क्रास' असे दोन शब्द होतात. अर्थ: उद्या मी असेन. सात दिवस हाका मारायच्या आणि हाकांच्याच पोटात उत्तर लपलेलं. हे मुद्दाम केलं की आपसूक जमलं यावर वाद घालता येईल, पण ते जमलंय सुरेख.

आणखी एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. कॅथलिक चर्चमध्ये एरवी रविवारच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' हे स्तोत्र असतं. आगमनकाळाच्या रविवारी ते वगळतात. हे शब्द मुळात देवदूतांचे, जन्माच्या रात्री मेंढपाळांना ऐकू आलेले. म्हणून चार आठवडे ते बंद ठेवायचे आणि नाताळच्या रात्री, जिथले आहेत तिथंच, पुन्हा मोकळे करायचे. वाट बघणं म्हणजे काय, हे कानांना समजावण्याची ही रीत प्रवचनापेक्षा जास्त पोहोचते, असं मला वाटतं.

मग ती रात्र येते. लूकची कथा ऐकून ऐकून इतकी गुळगुळीत झालीय की त्यात काय लिहिलंय तेच दिसत नाही. ती सुरू होते रोमन बादशहापासून: औगुस्त कैसराची आज्ञा झाली की सगळ्या जगाची नावनिशी लिहावी. हा केवळ तपशील नाही. आशिया मायनरमधल्या प्रिएने इथं इसवीसनपूर्व 9 सालचा एक शिलालेख सापडलाय. त्यात औगुस्ताचा जन्मदिवस ही जगासाठी 'सुवार्तेची' सुरुवात आहे असं म्हटलंय, आणि त्याला तारणारा ठरवलंय. आता लूकचा देवदूत मेंढपाळांना काय सांगतो ते बघा: मी तुम्हांला मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगतो, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. तेच शब्द. फक्त ते राजवाड्यातून उचलून गोठ्याकडे वळवलेले. ज्याच्या हुकुमावर गरोदर बाईला प्रवास करावा लागतो तो खरा प्रभू नाही. हुकूम पाळणाऱ्या त्या बाईच्या पोटात आहे तो खरा, असं लूक हळूच सांगून जातो.

आणि खूण काय दिली? देवदूत मेंढपाळांना तारा देत नाही, तेज देत नाही. बाळंत्यात गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बाळ, ही खूण. गव्हाण हा शब्द लूक एवढ्याशा कथेत तीनदा वापरतो. ज्यानं गोठा जवळून पाहिलाय त्याला गव्हाण समजावून सांगायला नको. जनावरांच्या जिभांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेली कड, तळाशी चिकटलेला कडबा, ओलसर कुबट वास. थोडक्यात, खायचं ठेवायची जागा. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ आहे 'भाकरीचं घर'. आणि पुढं हाच येशू भाकर मोडून म्हणणार आहे, हे माझं शरीर आहे. पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांना ही साखळी फार आवडायची.

जाता जाता एक गैरसमज. 'उतारशाळेत जागा नव्हती' यावरून नाताळच्या नाटकांत एक खडूस खानावळवाला दार लावून घेतो. शुभवर्तमानात असा माणूस नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूकनं हाच शब्द वापरलाय. धर्मशाळेसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द आहे, तो येशूनं सांगितलेल्या चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात येतो. बैल आणि गाढवही कथेत नाहीत. ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत. म्हणजे देखाव्यातली ती दोन गरीब जनावरं बघणाऱ्यालाच टोचायला उभी आहेत. असा जिवंत देखावा उभारण्याची प्रथा असिसीच्या फ्रान्सिसमुळं रुजली. त्यानं 1223 साली ग्रेच्चो या गावी खरा चारा आणि खरी जनावरं आणून मिस्सा करवला.

पूर्वेकडच्या चर्चमधलं नाताळचं पारंपरिक चित्र बघितलं तर दचकायला होतं. मधोमध डोंगरात एक काळीकुट्ट गुहा. त्या काळोखात बाळ, पांढऱ्या पट्ट्यांत घट्ट आवळलेलं, आणि ज्यात ठेवलंय ती गव्हाण लाकडी नाही, दगडी पेटीसारखी आहे. क्षणभर कळत नाही की हा पाळणा आहे की शवपेटी. चित्रकाराला तेच हवंय. याच लूकच्या शेवटाकडे येशूचं प्रेत तागाच्या कापडात गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवतात. बाळंतं आणि कफन एकाच हातानं काढलेलं. आई मरिया बाळाच्या शेजारी आडवी आहे, पण बऱ्याच चित्रांत तिची नजर बाळाकडे नसून दुसरीकडेच लागलेली असते. तिचा नवरा योसेफ तर घोळक्यातच नाही. तो खाली कोपऱ्यात, पाठ वळवून, हाताच्या तळव्यावर डोकं टेकून बसलाय. या सगळ्याचा त्याला अजून उलगडा झालेला नाही. धार्मिक चित्रात शंकेला एवढी मानाची जागा क्वचित मिळते.

कॅथलिक चर्चमध्ये नाताळला तीन वेगळे मिस्से असतात: मध्यरात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा. रात्री देवदूतांची कथा वाचतात, पहाटे मेंढपाळ धावत जातात ती. आणि दिवसाच्या मिस्साला बाळच नाही, मेंढपाळ नाहीत, गव्हाण नाही. तिथं योहान: प्रारंभी शब्द होता. अंधारात गोष्ट, उजेडात तिचा अर्थ.

आता तारखेचं. 25 डिसेंबर का, याची दोन स्पष्टीकरणं अभ्यासकांत चालतात. एक म्हणजे रोममध्ये त्या सुमारास 'अजिंक्य सूर्या'चा उत्सव होता, 274 साली सम्राट ऑरेलियननं त्या देवतेला राजाश्रय दिला होता, आणि ख्रिस्ती लोकांनी तो दिवस आपल्या सूर्यासाठी घेतला. दुसरं म्हणजे येशूचा मृत्यू 25 मार्चला झाला अशी एक जुनी गणना होती आणि गर्भधारणाही त्याच तारखेला मानली गेली. त्यात नऊ महिने मिळवा. मला दुसरं अधिक पटतं, कारण त्यात मरण आणि जन्म एकाच दोरीला बांधलेत. शिवाय बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन 24 जूनला येतो, तिथून दिवस लहान होत जातात, आणि योहान येशूबद्दल म्हणाला होता: त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा. पण थंडी आणि लांब रात्री हा सणाचा गाभा नव्हे. दक्षिण गोलार्धात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो आणि तिथं काही कमी पडत नाही. रशिया, सर्बिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळ 7 जानेवारीला दिसतो, तो जुन्या ज्युलियन पंचांगाचा 25 डिसेंबरच असतो.

दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, जगाच्या लेखी सण उरकलेला असतो. चर्चच्या लेखी तो नुकता सुरू झालाय. आणि सुरू होतो तो कसा? दगडांनी. 26 डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस, पहिला हुतात्मा, ज्याला यरुशलेमच्या वेशीबाहेर दगडमार करून मारलं. कालची पांढरी वस्त्रं उतरवून धर्मगुरू लाल घालतो. मधे 27ला शुभवर्तमानकार योहानाचा दिवस. 28 डिसेंबर बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा: हेरोद राजानं नव्या राजाच्या धास्तीनं दोन वर्षांखालची मुलं मारायला लावली, ती. ही कथा एकटा मत्तय सांगतो. हेरोदाची क्रौर्यं तपशिलानं लिहिणारा इतिहासकार योसेफस तिचा उल्लेख करत नाही, म्हणून तिच्या ऐतिहासिकतेवर चर्चा चालू असते. पण सणात तिला जी जागा दिलीय तिचा अर्थ स्पष्ट आहे. देव माणूस झाला तो सजवलेल्या जगात नव्हे. जिथं सत्तेला बाळाची भीती वाटते आणि आईबापांना रातोरात मिसरात पळावं लागतं, त्या जगात झाला. हे तीन दिवस नाताळमधून काढले तर सण गोड होईल, पण पोकळ होईल.

6 जानेवारीला येतो प्रकटीकरणाचा सण. पश्चिमेत या दिवशी पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची, म्हणजे तारे बघणाऱ्या ज्ञानी माणसांची, आठवण करतात. ते तीन होते असं मत्तय म्हणत नाही, राजे होते असंही नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन झाली. सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मर्त्य देहाला, कारण गंधरस प्रेताला लावायच्या द्रव्यांत असे. हा अर्थ दुसऱ्या शतकातल्या इरेनियसनं सांगितला, तो आजवर टिकलाय. मुद्दा भेटींपेक्षा माणसांचा आहे. शास्त्रं जाणणारे यरुशलेममध्ये बसून राहिले आणि तारे बघणारे परके शोधत आले. म्हणजे हा मशीहा एका जातीचा, एका वंशाचा नाही. मत्तयनं हे आधीच पेरलंय: येशूच्या वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया घातल्यात. राहाब कनानी, रूथ मवाबी, म्हणजे उघडउघड बाहेरच्या. पूर्वेकडे मात्र 6 जानेवारीचा मुख्य विषय येशूचा बाप्तिस्मा आहे, आणि आर्मेनियन चर्च जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही त्याच दिवशी एकत्र साजरे करतं.

शेवटचा दिवा लागतो 2 फेब्रुवारीला, जन्मापासून चाळिसाव्या दिवशी. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणं मरिया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन जातात. अर्पण असतं पारव्यांच्या जोडीचं. नियमशास्त्र म्हणतं कोकरू आणावं, ज्यांना ते परवडत नाही त्यांनी दोन पारवे किंवा होले. तिथं शिमोन नावाचा माणूस बाळ हातात घेतो आणि म्हणतो, प्रभो, आता तुझ्या दासाला शांतीनं जाऊ दे, माझ्या डोळ्यांनी तुझं तारण पाहिलं, राष्ट्रांना प्रकट होणारा उजेड पाहिला. त्या 'उजेड' शब्दावरून या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. पण शिमोन तेवढ्यावर थांबत नाही. तो आईकडे वळून सांगतो की तुझ्या जिवातूनही तलवार आरपार जाईल.

मग, लूकच्या कथेप्रमाणं, ते तिघं नासरेथला परततात. पुढच्या जवळजवळ तीस वर्षांबद्दल शुभवर्तमानांत एकच प्रसंग आहे, बारा वर्षांचा असताना मंदिरात मागं राहिल्याचा. बाकीची वर्षं सुताराच्या घरात गेली.